रोड नंबर सोळाचा घोडा

बीड वाकत नाही, हे आधी सांगतो.
पत्र्याच्या मोटारीला पोचा येतो,
प्लास्टिकची बस उन्हात फुगते.
बिडाचं खेळणं पडलं तर मोडतं,
आणि मोडेपर्यंत शंभर वर्षं काही बोलत नाही.

माझ्याकडे एकवीस आहेत.
किसननगरच्या खोलीत, टीव्हीच्या डोक्यावरच्या फळीवर:
आगीचा बंब, त्यावर बिनडोक्याचा गाडीवान,
तीन चाकांची बर्फगाडी,
नाणं गिळणारा बेडूक, ज्याला अजून जुना आणाच चालतो,
रुपया घशात अडकतो.
शैला म्हणते, फळी एक दिवस येणार खाली,
तेव्हा आपण कुठे बसलेलो असू, ते बघा.

एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले मी महापालिकेत.
गटाराशेजारी ओणवं होऊन बिडाचं झाकण उचलायचं,
आकडा लिहायचा, झाकण ठेवायचं.
हाताला वजन कळायला लागलं ते तिथे.

राबोडीचा इद्रिसभाई भंगार किलोवर विकतो,
पण मी हात लावलेली वस्तू
लगेच नगावर जाते.
गेल्या मार्चात त्याने पोत्याखालून घोडा काढला,
बंबाचा, जोडीतला एकटा, चारी पाय शाबूत.
"बाहेरचा माल, पाष्टेसाहेब. गोऱ्यांच्या पोरांचा."
साडेचार हजार.
शैलाला साडेचारशे सांगितले.

नौपाड्याच्या कारखानीसांनी भिंगसुद्धा काढलं नाही.
तळहातावर एकदा उडवला, झेलला.
"जड आहे. जुनं ओतकाम इतकं जाड नसायचं.
हात फिरवा, रवा लागतोय.
दोन अर्धी नीट जुळलेली नाहीत, नख जातंय मधे.
आणि हा स्क्रू.
तेव्हा रिपीट ठोकायचे, कायमचं."
मग आत जाऊन स्वतः चहा केला,
माझ्यात साखर जास्त घातली.

रात्री मी तो स्क्रू काढला.
खऱ्या घोड्याच्या पोटात कुणाला बघता येत नाही.
हा उघडला.
आत गंज, कोपऱ्यात चिकटलेली काळी वाळू,
आणि उजव्या अर्ध्यात, बरगडीच्या जागी,
तीन उभ्या रेघा.
वाळूत कोरलं की बिडात उठून येतं.

माझे वडील, धाकू सोनू पाष्टे,
वागळे इस्टेटीत मोल्डर, रोड नंबर सोळा,
मजुरी नगावर.
आपला नग दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून
प्रत्येक जण वाळूत काहीतरी ओरखडायचा.
कुणाची फुली, कुणाचं टिंब.
बाबांना सही येत नव्हती. थापीच्या टोकाने तीन रेघा.
घरी यायचे तेव्हा अंगाला जळक्या काकवीचा वास.
आज काय ओतलंत, विचारलं की म्हणायचे, घोडे.
आम्हाला ती थट्टा वाटायची.
एक आणा ना, म्हटलं तर,
"मोजून जातात रे. बोटीने."

आता हा बोटीने जाऊन परत आला
की नापास होऊन इथेच कुठल्या गोदामात पडला,
कोण सांगणार.
तीन रेघा तर कुणीही काढील.
तेव्हा त्या रस्त्यावर पुष्कळ भट्ट्या होत्या,
आता काचेची इमारत आहे,
मी गेटवरून वाकून बघितलं तर वॉचमन उठला.

शैलाला खरा आकडा सांगितला.
तिने घोडा उलटा केला, पोटाला नाक लावलं,
म्हणाली, नुसता गंज येतोय.
आणि स्क्रू परत लावायला
पिठाच्या डब्यातला चमचा घेऊन बसली.

इद्रिसभाईला सांगून ठेवलंय,
असला खोटा माल पुन्हा आला तर बाजूला काढ.
तो माझ्याकडे नीट बघत राहिला.
मग त्याने खोट्याचाही भाव वाढवला.